झोप लागत नाही? आधी अंथरुणातून उठा!

‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जाते. खरी भूक लागली की कोंडाही चालतो आणि खरी झोप आली की उशाला धोंडाही पुरतो, असा तिचा अर्थ. शहरांतील अनेक घरांत मात्र नेमके उलटे चित्र दिसते. जाड गादी, मऊ उशी, पंखा किंवा वातानुकूलन अशी सारी सिद्धता असते. पण कूस बदलता बदलता रात्र सरते. दुसऱ्या दिवशी डोके जड राहते आणि कामात लक्ष लागत नाही. मग आदल्या रात्रीची भरपाई करण्यासाठी त्या रात्री नऊलाच अंथरूण गाठले जाते आणि झोप आणखी दूर पळते. अशा वेळी ओळखीतील कोणीतरी एखाद्या गोळीचे नाव सुचवतो. अनेकांच्या बाबतीत गोळ्यांच्या सवयीची सुरुवात इथूनच होते.

निद्रातज्ज्ञांचे यासंबंधीचे म्हणणे साधे आहे. झोप प्रयत्न करून आणता येत नाही. किंबहुना प्रयत्न जितका अधिक, तितकी जाग अधिक. आपल्या हाती आहे ते झोपेला अनुकूल अशी स्थिती निर्माण करणे. त्यासाठीचे उपाय बिनखर्चाचे आहेत. मात्र ते काही आठवडे नेटाने पाळावे लागतात.

झोप येते कशी?

झुरिच विद्यापीठातील संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार झोपेमागे दोन शक्ती काम करतात. पहिली शक्ती म्हणजे झोपेची ‘भूक’. माणूस जितका वेळ जागा राहतो, तितकी ती वाढत जाते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेत त्याचा निचरा होतो. दुसरी शक्ती म्हणजे शरीरातील घड्याळ. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावरून दिवस आणि रात्र ओळखतो व त्यानुसार शरीराचे वेळापत्रक चालवतो. पेशींमधील हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोन्ही शक्तींचा मेळ बसला की अंथरुणाला पाठ टेकल्यावर साधारण १० ते २० मिनिटांत झोप लागते. रविवारी दहापर्यंत लोळणे, दुपारी दोन तास झोपणे, संध्याकाळी सोफ्यावर डुलकी घेणे यांमुळे हा मेळ बिघडतो. वामकुक्षी घ्यायचीच असेल तर ती तीनच्या आत आणि २० मिनिटांच्या मर्यादेत असावी.

उठण्याची वेळ पक्की हवी

झोपी जाण्याची वेळ ठरवून पाळता येत नाही, कारण झोप आपल्या आज्ञेत नसते. उठण्याची वेळ मात्र पाळता येते. म्हणून पहिला नियम असा, की रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठावे. सुट्टीच्या दिवसाचाही त्याला अपवाद नसावा. उठल्यावर अर्धा तास गच्चीवर, गॅलरीत किंवा फिरायला जाऊन उजेडात घालवावा. सकाळच्या प्रकाशाने शरीराचे घड्याळ जुळते आणि रात्रीची झोप वेळेवर येण्यास मदत होते.

अंथरूण फक्त झोपेसाठी

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आजही निद्रानाशावरील उपचारांचा कणा मानली जाते. ज्या जागी रोज तळमळत पडून राहावे लागते, त्या जागेचा आणि जागेपणाचा मेंदू संबंध जोडतो. दिवाणखान्यात पेंगणारा माणूस पलंगावर पडताच टक्क जागा होतो, त्याचे कारण हेच. हा संबंध तोडण्यासाठी पुढील नियम सांगितले जातात :

- डोळे मिटू लागल्याशिवाय अंथरुणावर पडू नये. थकवा आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- अंथरुणावर बसून जेवणे, टीव्ही पाहणे, कार्यालयीन काम करणे, मोबाइल चाळणे टाळावे.
- अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठावे, शक्य असल्यास दुसऱ्या खोलीत जाऊन मंद दिव्यात एखादे साधे काम करावे. डोळे जड झाल्यावरच परतावे. पुन्हा तसेच झाले तर पुन्हा उठावे.
- घड्याळाकडे पाहू नये. ‘आता चारच तास उरले’ या हिशेबाने उरलेली झोपही उडते.

मुंबईसारख्या शहरात एका खोलीच्या घरात दुसरी खोली कोठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. अशा घरांत गादी झोपायच्या वेळीच घालावी आणि सकाळी गुंडाळून ठेवावी. रात्री जाग राहिल्यास गादीवरून उठून खुर्चीत किंवा खिडकीशी बसावे. खोली एकच असली तरी झोपेची जागा वेगळी राहते.

कमी वेळ पडा, अधिक झोपा

आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेली दुसरी पद्धत प्रथमदर्शनी उफराटी वाटते. समजा, एखादी व्यक्ती साडेआठ तास अंथरुणावर असते, पण तिला प्रत्यक्ष झोप सहाच तास लागते. अशा व्यक्तीने अंथरुणावरील वेळच सहा तासांवर आणायचा. म्हणजे सहाला उठणाऱ्याने रात्री बारापूर्वी पाठ टेकायची नाही. पहिले काही दिवस जड जातात. पण झोपेची भूक वाढते आणि तुटक झोप सलग होऊ लागते. त्यानंतर दर आठवड्याला १५ ते २० मिनिटे वाढवत न्यायची. हा वेळ साडेपाच तासांच्या खाली सहसा आणू नये. अपस्माराचा किंवा द्विध्रुवी मनोविकाराचा त्रास असलेल्यांनी, तसेच वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी हा उपाय डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा.

चहा, दिवे आणि कोमट पाणी

चहा-कॉफीतील कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवते आणि झोपेची भूक झाकून टाकते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सहाच्या चहाचा अर्धा अंमल रात्री अकराच्या सुमारासही बऱ्यापैकी टिकून असतो. ज्यांना झोपेची तक्रार आहे त्यांनी दुपारनंतरचा चहा काही आठवडे बंद करून पाहावा. मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे. पण उत्तररात्री झोप वारंवार मोडते, म्हणून तो उपाय नव्हे. रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी आटोपलेले बरे.

प्रखर उजेडामुळे मेलाटोनिन हे रात्रीची सूचना देणारे संप्रेरक उशिरा स्रवते. त्यामुळे झोपेच्या तासभर आधी ट्यूबलाइट मालवून मंद पिवळा दिवा लावावा. मोबाइलच्या बाबतीत उजेडाइतकाच त्यातील मजकूरही जागवतो. तो उशाशी न ठेवता दुसऱ्या टोकाला ठेवावा. गजरासाठी साधे घड्याळ पुरते.

झोप लागताना शरीराचे आतील तापमान किंचित उतरते. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर टाकली जाते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवून दिले, की ज्यांचे तळपाय उबदार असतात त्यांना झोप लवकर लागते. झोपेच्या एक-दोन तास आधी गरम पाण्याने आंघोळ केल्याने हेच साधते. तळपायांना तेल चोळून काशाची वाटी फिरवण्याच्या आपल्याकडील जुन्या पद्धतीतही पायांना ऊब आणि मनाला निवांतपणा, असे दोन्ही मिळते. खोली मात्र थंड आणि हवेशीर हवी.

मनाची चक्रे थांबवताना

दिवसभर दाबून ठेवलेल्या काळज्या दिवा मालवला की वर येतात. यावर कागद-पेन हा उत्तम उपाय आहे. टेक्सासमधील बेलर विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात ५७ तरुणांपैकी काहींना झोपेपूर्वी पाच मिनिटे पुढील दिवसांतील कामांची यादी लिहायला सांगितले, तर इतरांना झालेल्या कामांची. पुढील कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली.

शरीर सैल करण्याची पद्धत अमेरिकी वैद्यक एडमंड जेकबसन यांनी १९२९ मधील आपल्या ग्रंथात मांडली. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक स्नायुगट काही सेकंद आवळायचा आणि मग पूर्ण सैल सोडायचा. शवासनात पायांपासून डोक्यापर्यंत अवयव शिथिल करण्याचा जो क्रम शिकवला जातो, तो याच जातीचा. जोडीला संथ श्वसन, त्यातही उच्छ्वास श्वासापेक्षा दीर्घ, उपयोगी पडते.

तरीही ‘झोपलेच पाहिजे’ हा विचार सुटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी सुचवलेली युक्ती करून पाहावी. अंधारात पडून, डोळे उघडे ठेवून, शांतपणे जागे राहण्याचा प्रयत्न करायचा. झोपेचा आग्रह सुटला की तिची धास्तीही सुटते.

शहरांत एक अडचण आपल्या हाताबाहेरची असते, ती गोंगाटाची. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. तिचे उल्लंघन होत असल्यास पोलिसांकडे तक्रार करता येते. दरम्यान, कानात घालायचे बोळे आणि पंख्याचा एकसुरी आवाज यांनी बराच फरक पडतो.

गोळ्यांचा मोह

‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून औषधांऐवजी वर्तनोपचारांचीच शिफारस केली. वर सांगितलेल्या अनेक सवयी त्याच उपचाराचा भाग आहेत. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या भारतात ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर त्या घेणे धोक्याचे आहे. त्यांची सवय लागू शकते. वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा व हाड मोडण्याचा संभव वाढतो. मात्र बराच काळ चालू असलेली गोळी एकाएकी बंद करणेही तितकेच घातक होय. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ त्रास होत असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात व त्यासाठी वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे निद्राश्वसनरोधाचे लक्षण असू शकते. रात्री पायांत वळवळ होऊन ते सतत हलवावेसे वाटत असतील तर शरीरातील लोहाची तपासणी करावी. स्त्रियांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. पहाटे फार लवकर जाग येणे आणि कशातच मन न लागणे या गोष्टी नैराश्याकडे बोट दाखवतात. या तक्रारी घरगुती उपायांनी झाकून ठेवू नयेत.

इतरांनी आरंभ एकाच गोष्टीपासून करावा. उद्या सकाळची उठण्याची वेळ ठरवावी आणि ती किमान चार आठवडे मोडू नये. मधली एखादी रात्र वाईट जाईल. पण त्या रात्रीची भरपाई करण्याच्या भरीस न पडणे, हाच निम्मा उपचार आहे.