लांबी मोजायची कुणी?

आजचा भाग एका पत्त्यापासून सुरू करतो. ‘मु. पो. नारायणगाव, ता. जुन्नर, जि. पुणे.’ साधा पत्ता आहे, पण शेवटचा पूर्णविराम सोडून नेमका असाच पत्ता माझ्या कोडने नाकारला होता. कारण काय दिलं, तर ‘पत्ता फार मोठा आहे’.

माझी पहिली नोकरी. शिष्यवृत्तीच्या अर्जांची सिस्टिम. एपीआयचा स्कीमा तयार होता. स्कीमा म्हणजे दोन प्रोग्रॅम एकमेकांना कुठली माहिती कोणत्या आकारात देणार, याचा लेखी करार. त्यात पत्त्यापुढे लिहिलं होतं: कमाल लांबी 80. मी तो आकडा वाचला आणि गो भाषेत हाताने एक ओळ लिहिली, की लांबी 80 च्या वर गेली तर अर्ज परत. टेस्टही लिहिल्या. सगळ्या इंग्रजी पत्त्यांच्या.

आता घोळ ऐका. गोमधलं ‘लेन’ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. वरचा पत्ता 39 चिन्हांचा आहे, पण बाइट होतात 93. म्हणजे इंग्रजीत अर्ज भरणारा पास आणि मराठीत भरणारा नापास. आमच्या लॉगमध्ये ही सगळी ‘युजरची चूक’ म्हणून जमा होत होती, त्यामुळे कुणाला काही खटकलंच नाही. शेवटी एका कॉलेजच्या क्लार्कबाईंचा फोन आला, की इंग्रजीत टाईप केलं की अर्ज जातो, मराठीत का जात नाही? अर्जाची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस उरले होते.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. माझी चूक एका ओळीची होती, पण जात जुनी आहे. करार एका ठिकाणी लिहिलेला असतो आणि तो तपासणारा कोड कुणीतरी दुसऱ्या ठिकाणी, आपल्या समजुतीने, पुन्हा लिहितं.

गंमत म्हणजे यावरचा उपाय आपल्या जन्माआधीचा आहे. 1987 च्या जूनमध्ये सन मायक्रोसिस्टिम्सची ‘एक्सडीआर’ ही पद्धत आरएफसी 1014 म्हणून प्रसिद्ध झाली. तिची सोबतीण म्हणजे ‘आरपीसीजेन’. एका छोट्या फाइलमध्ये माहितीचा आकार लिहायचा आणि आरपीसीजेनला द्यायचा, ते सी भाषेतला कोड बनवून देतं. सनच्या नेटवर्क फाइल सिस्टिमचा करार याच भाषेत लिहिलेला आहे. त्यात फाइलच्या नावाची मर्यादा 255 आहे. ती एकदाच लिहायची. तयार झालेल्या कोडमध्ये ती आपोआप उतरते, आणि 256 बाइटचं नाव आलं की फंक्शन सरळ ‘नाही’ म्हणतं. हो, इथेही बाइटच. पण ते तसं स्पष्ट ठरलेलं होतं, कारण एक्सडीआरची स्ट्रिंग म्हणजे आस्की अक्षरं. आपल्या ‘ज्ञ’ला तिथे जागाच नव्हती, तो वेगळा विषय.

मग पुढे सगळ्यांनी हेच का नाही केलं? याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे टीएलएस. ब्राउझरमधल्या कुलपामागचा हाच तो प्रोटोकॉल. त्याचे मेसेज ज्या छोट्या भाषेत मांडले आहेत, ती दिसायला आणि हेतूनेही एक्सडीआरसारखी आहे, असं 2008 चा आरएफसी 5246 स्वतःच सांगतो. पण लगेच पुढे म्हणतो, की ही भाषा फक्त टीएलएसचं वर्णन करण्यापुरती आहे, बाकी तिचा उपयोग नाही. म्हणजे करार वाचायचा माणसाने आणि तपासणीही लिहायची माणसानेच.

फेब्रुवारी 2012 मध्ये आरएफसी 6520 आला. ‘हार्टबीट’ नावाचा छोटा मेसेज: मी इतके बाइट पाठवतोय, हे घे, तसेच परत कर. लांबी सांगायला 2 बाइटचा आकडा. सांगितलेली लांबी प्रत्यक्षात मावत नसेल, तर मेसेज गुपचूप टाकून द्यायचा, हा नियम त्यात स्पष्ट लिहिलेला होता. ओपनएसएसएलमध्ये हाताने लिहिलेल्या कोडमध्ये नेमकी ही तपासणी राहून गेली. एक बाइट पाठवून ‘64 हजार आहेत’ असं खोटं सांगितलं, तर सर्व्हर बिचारा आपल्या मेमरीतलं पुढचं जे असेल ते भरून परत द्यायचा. कधी पासवर्ड, कधी खाजगी किल्ल्या. 7 एप्रिल 2014 ला जगाला हे कळलं. हाच तो हार्टब्लीड. कोड दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

यानंतरची वेबवरची गोष्ट पटकन सांगतो. 2009 मध्ये जेसन स्कीमाचा पहिला मसुदा आला. पुढे वर्डनिक या ऑनलाइन शब्दकोशाच्या टीमकडून स्वॅगर निघालं, तेच आज ओपनएपीआय म्हणून ओळखलं जातं. 2021 च्या 3.1 आवृत्तीत या दोघांचा मेळ पूर्ण बसला. पण एक गोष्ट मला वैयक्तिक लागली. जेसन स्कीमात स्ट्रिंगची लांबी म्हणजे काय हे लिहिलेलं आहे: युनिकोडचे कोड पॉइंट मोजायचे, बाइट नाही. म्हणजे माझ्या बगचं उत्तर कधीचं छापून तयार होतं. मी फक्त 80 वाचलं, पण कशाचे 80 ते वाचलं नाही.

त्या फोननंतर आम्ही हाताने लिहिलेल्या सगळ्या तपासण्या काढल्या आणि स्कीमावरून कोड जनरेट केला. तयार झालेली फाइल मी ओळ न् ओळ वाचली. दिसायला कुरूप, पण तिथे ‘रून’ मोजले होते. गोमध्ये कोड पॉइंटला रून म्हणतात. नारायणगावचा पत्ता 39 भरला आणि पास झाला.

पण जनरेटर लावला की सुटलो, असं समजू नका. गूगलने 2008 मध्ये खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्समध्ये एखादं फील्ड ‘सक्तीचं’ असं लिहिता यायचं आणि ती तपासणी आपोआप तयार व्हायची. मग कधीतरी ते फील्ड नकोसं व्हायचं, नवा प्रोग्रॅम ते पाठवणं बंद करायचा आणि जुना सर्व्हर अख्खा मेसेज नाकारायचा. प्रोटो3 मध्ये त्यांनी ‘सक्तीचं’ हा शब्दच काढून टाकला. मला हा निर्णय थोडा टोकाचा वाटतो, पण त्यामागचं दुखणं पटतं. करारातला चुकीचा नियम जनरेटर निमूटपणे सगळीकडे पोहोचवतो.

आमच्याही करारात एक गडबड होतीच. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. आपण म्हणणार चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, र. कोड पॉइंट मोजले तर 10, बाइट मोजले तर 30. म्हणजे जनरेट केलेला अचूक कोडसुद्धा मराठी माणसाला कमीच जागा देत होता. म्हणून पुढच्या आवृत्तीत आम्ही स्कीमातला 80 बदलून 250 केला. हा 80 मुळात ठरवला कुणी, हे मी टीममध्ये सगळ्यांना विचारलं. कुणालाच आठवत नव्हतं.