खाडा : गिरणी कामगार कामावर का येत नव्हता?

आजचा एपिसोड एका साध्या शब्दावर आहे: खाडा. घरकामाच्या मावशी आल्या नाहीत की आपण सहज म्हणतो, 'आज खाडा.' पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत, परळ-लालबागच्या गिरण्यांत, खाडे ही मालकांची कायमची तक्रार होती.

तक्रार काय? तर कामगार मुळात शेतकरी. भाताची लावणी आली, शिमगा आला, गणपती आले, की हा निघाला कोकणात. त्याचं गिरणीत मनच नाही. थोडक्यात, दोष कामगाराचा.

आता गिरणीच्या आत डोकावू या. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या बघा: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात, अपघात झाला तर भरपाई. म्हणजे यातलं काहीच धड मिळत नव्हतं! रविवारची सुट्टी मिळायला 1890 उजाडलं. जिथे हक्काची सुट्टीच नाही, तिथे अंग टेकायचा एकच मार्ग उरतो. खाडा.

पुढेही काम काही सोपं झालं नाही. विणकाम खात्यात सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवायची. साच्यांचा खडखडाट, छातीत जाणारा कापसाचा कचरा. वर जॉबर. कामावर घेणार तोच, काढणार तोच, आणि त्याला दस्तुरी द्यायची. बायकांच्या खात्यात हाच कारभार नायकिणीकडे.

आणि इथे एक गंमत आहे बरं का. रोज सकाळी गिरणीच्या दारात बदली कामगार उभे असायचे. कुणाचा खाडा पडला की त्यांच्यातला एक आत. धंदा मंदावला तर बदलीवाल्यांना नुसतं परत पाठवायचं. म्हणजे ज्या खाड्यांबद्दल मालक कुरकुर करत होते, त्याच खाड्यांच्या जोरावर त्यांना स्वस्तात राखीव माणसं मिळत होती. 1935 मध्ये मालकांच्या संघटनेने बदली कार्डाची पद्धत आणली, पण बदलीपण काही संपलं नाही. 1982 च्या संपातही बदलीवाल्यांना कायम करा, ही मागणी होतीच.

मग गाव? आजारपणात पगार नाही, म्हातारपणी पेन्शन नाही. अशा माणसाचा विमा म्हणजे गावचं घर. 1928 चा संप जवळजवळ सहा महिने चालला, तेव्हा कितीतरी जणांनी गावाच्या आधारावरच तग धरला. ते नातं टिकवायला लावणीला जावंच लागणार ना?

आता जरा अमेरिकेत जाऊ. 1913, हेन्री फोर्डचा मोटारींचा कारखाना. तिथे माणसं थेट काम सोडून जायची. वर्षाचं प्रमाण 370 टक्के, म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षभरात 370 माणसं घ्यायची! शिवाय रोज दहा टक्के गैरहजर. जानेवारी 1914 मध्ये फोर्डने दिवसाला 5 डॉलर जाहीर केले, जवळजवळ दुप्पट, आणि नऊ तासांचे आठ केले. 1915 पर्यंत सोडून जाण्याचं प्रमाण 16 टक्क्यांवर आलं.

माणसं खूश झाली? तसं म्हणता येत नाही. पट्ट्यावरचं काम तेवढंच कंटाळवाणं राहिलं, उलट पूर्ण पैसे मिळवायचे तर कंपनीची माणसं घरी येऊन राहणीमान तपासायची. फक्त आता नोकरी सोडणं परवडत नव्हतं.

मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकत्र ऐकायला हव्यात. माणूस टिकला म्हणजे तो समाधानी आहे असं नाही, आणि खाडा केला म्हणजे तो आळशी आहे असंही नाही. डेट्रॉईटच्या कामगारापुढे दुसऱ्या नोकऱ्या होत्या, तो सोडून जायचा. मुंबईवाल्याला एवढ्या मिनतवारीने मिळालेली जागा सोडवत नव्हती, तो खाडा करायचा. नाराजी तीच, वाटा वेगळ्या.

आज हजेरी ॲपवर लागते. पण रिकाम्या रकान्यामागचं कारण ॲपला कळत नाही, ते माणसालाच विचारावं लागतं. तुमच्या घरात कुणी गिरणीत होतं का? आजोबा असतील, आजी असेल. आज त्यांना एवढंच विचारा: खाडा कशासाठी करायचात? आणि उत्तर आम्हाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!