गोचिडीची लाळ: १९३९ चा प्रश्न, २०२१ चं उत्तर

भटक्या कुत्र्याच्या कानात चिकटलेल्या गोचिडी तुम्ही अंधेरीतही पाहिल्या असतील. गोचीड डासासारखी चावून उडून जात नाही, कित्येक दिवस रक्त पीत बसते. मग शरीर तिला इतके दिवस सहन कसं करतं? उत्तर तिच्या लाळेत आहे.

आपल्याकडे गोचिडीवरचं संशोधन गाजलं १९५७ मध्ये. शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची एनआयव्ही) विषाणू शोधला आणि तो गोचिडींतून पसरतो हे दाखवलं. हाच माकडताप २०१६ मध्ये दोडामार्गात पोचला. तेव्हाचा प्रश्न होता, गोचीड काय वाहून आणते? प्रश्न योग्यच होता, पण त्यात गोचीड म्हणजे नुसती सुई ठरते.

दुसरा प्रश्न आधीच विचारला गेला होता. १९३९ मध्ये अमेरिकेत विल्यम ट्रॅगर यांनी गिनिपिगवर गोचिडीची पिल्लं सोडली. पहिल्या वेळी ती पोटभर रक्त प्यायली. त्याच गिनिपिगवर पुन्हा सोडली, तेव्हा बहुतेक उपाशी राहिली. चावा ओळखायला शरीर शिकलं होतं!

पुढे कळलं ते असं: लाळेतली काही प्रथिनं हिस्टामिनला पकडून ठेवतात, त्यामुळे खाज-सूज दबते. ‘साल्प१५’ हे प्रथिन टी पेशींना थोपवतं, शिवाय लाइम रोगाच्या जिवाणूला चिकटून त्याला अँटिबॉडीपासून वाचवतं. पण वारंवार चावा झालेल्या गिनिपिगच्या कातडीत बेसोफिल पेशी जमतात, सूज येते, गोचीड गळून पडते. म्हणजे इथे अ‍ॅलर्जी हीच ढाल. ती उलटतेही: गोचीड चावल्यावर काहींना ‘अल्फा-गॅल’ या साखरेची अ‍ॅलर्जी होते आणि मटण खाल्ल्यावर काही तासांनी अंगावर गांधी उठतात.

२०२१ मध्ये येल विद्यापीठाच्या गटाने लाळेतल्या १९ प्रथिनांवर एमआरएनए लस केली. लस दिलेल्या गिनिपिगची कातडी चाव्याजवळ लगेच लाल झाली. लाली दिसताच गोचिडी काढल्या, तर लाइमचा संसर्ग एकालाही झाला नाही. उंदरांवर मात्र ही लस चालली नाही.

म्हणून विषय निवडताना दोन गोष्टी तपासा. तुमचा प्रश्न रोगजंतूवरच थांबतोय का? आणि निवडलेला प्राणी त्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो का? ट्रॅगर यांनी गिनिपिगऐवजी उंदीर घेतले असते, तर कदाचित ही गोष्ट सुरूच झाली नसती.