खाडीपलीकडचे माहुल

मुंबई बेटाच्या उत्तर टोकास शीवची टेकडी आहे. तिच्यावरील किल्ल्यापासून घारापुरीपर्यंत एक सरळ रेघ ओढली, तर ती प्रथम भरती-ओहोटीच्या चिखलवटीवरून जाते, मग माहुलची खाडी ओलांडते, आणि माहुल गाव व तुर्भ्याचे डोंगर यांच्या अंगावरून जाऊन पुन्हा समुद्रात उतरते. या रेघेच्या दोन्ही टोकांशी निगडित अशी दृश्ये एका परदेशी चित्रकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस रेखाटली. माहुल मात्र त्या दोहोंच्या मध्येच राहिले. मुंबईच्या सृष्टिचित्रांचा इतिहास या राहून गेलेल्या गावावरून पाहू लागले, म्हणजे तो काहीसा निराळा दिसतो.

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा. त्याचा जन्म १७४७ सालचा. १७९१ साली तो मुंबईस आला तेव्हा त्याचे वय चव्वेचाळीस होते. पोट भरण्याचा मार्ग व्यक्तिचित्रे काढण्याचा. पण ओढ होती ती डोंगर, पाणी व लेणी यांची. १७९१ व १७९२ या दोन वर्षांत त्याने मुंबई बेट व आसपासचा मुलूख हिंडून जी दृश्ये टिपली, त्यांतील बारा दृश्यांचा संच लंडनमध्ये १८०० साली प्रसिद्ध झाला. मलबार टेकडी, माझगावाजवळचा बेलमाँट बंगला, शीवचा किल्ला, घारापुरी बेट अशी त्यातील स्थळे आहेत.

त्या काळी शीवहून पलीकडे जाण्यास होडीवाचून गती नव्हती. साष्टी बेट १७७४ च्या अखेरीस कंपनी सरकारने मराठ्यांकडून घेतले होते खरे, तथापि मुंबई व साष्टी यांना जोडणारा शीवचा बांध पुरा झाला तो पुढे १८०३ च्या सुमारास. तुर्भे हे तर स्वतंत्र बेटच होते. म्हणजे वेल्सच्या चित्रसंचातील मुंबई ही खऱ्या अर्थाने बेटांची मुंबई होय. भराव टाकून, बांध घालून, टेकड्या फोडून जे शहर पुढे उभे राहिले, त्याच्या आधीचे पाणी कोठवर होते, हे ज्यास डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्यास नकाशापेक्षाही अशी चित्रे अधिक उपयोगी पडतात.

परंतु अशा चित्रांची साक्ष घेताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. त्या काळच्या इंग्रज सृष्टिचित्रकारांची एक ठरलेली मांडणी असे. चित्रकार उंच जागा पाहून बसे. पुढे एखादे झाड आणि दोन-चार माणसे, मध्ये पाणी, आणि शेवटी निळसर होत गेलेले डोंगर. या मांडणीत जे दूर असते ते सुंदर असते, पण मुके असते. शीवच्या माथ्यावरून पाहणाऱ्यास माहुलच्या वस्तीतील झोपड्यांचे शाकार वा वाळत घातलेली जाळी दिसणे शक्य नव्हते. होडीत बसून ती खाडी ओलांडावी, कोळीवाड्याच्या धक्क्यावर बसून उलट शीवकडे पाहावे, असे कोणाच्या मनात का आले नसावे? कारण साधे होते. चित्रसंच विकत घेणारे गृहस्थ बंगल्यांत राहत, आणि आपल्याच गच्चीवरून दिसणारा देखावा त्यांना भिंतीवर हवा असे.

१७९२ साली वेल्स पुण्यास गेला. तेथे कंपनीचा वकील सर चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची चित्रे काढली. शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा निघाली, तीही याच सुमारास. त्या शाळेत तयार झालेला गंगाराम तांबट हा या साऱ्या हकीकतीतला सर्वांत मनोवेधक पुरुष होय. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा त्याने काढला, कार्ल्याची लेणी काढली, आणि मॅलेटच्या सांगण्यावरून तो वेरुळासही गेला. मॅलेटने वेरुळाविषयी लिहिलेला निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला, तेव्हा गंगारामच्या रेखाटनांचा त्यास आधार मिळाला.

वेल्स आणि गंगाराम यांच्या कामातील फरक पाहण्याजोगा आहे. वेल्स अंतर दाखवितो. गंगारामला अंतराशी फारसे कर्तव्य नाही. खांब किती, पायऱ्या किती, मूर्तीचा हात कोठे, हे तो जवळ जाऊन पाहतो. वेरुळच्या एका चित्रात तर त्याने आपल्या गुरूसह स्वतःचीच आकृती काढून ठेवली आहे. साहेबाच्या मागणीवरून काढलेल्या कागदावर स्वतःस जागा करून देणारा हा मराठी कारागीर माहुलच्या किनाऱ्यावर उतरता, तर तेथील होडीला फळ्या किती हेही आज कळले असते!

१७९३ साली टॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे मुंबईस आले. उत्तर व दक्षिण हिंदुस्थान पालथा घालून, हजारो कोसांचा प्रवास करून ते परतीच्या वाटेवर होते. वेल्सने त्यांना घारापुरी, कार्ले व साष्टीतील लेणी दाखविली. पुढे ही ओळख वेल्सच्या नव्हे, तर त्याच्या चित्रांच्या कामी आली. नोव्हेंबर १७९५ मध्ये, सवाई माधवरावांच्या मृत्यूस महिना होतो न होतो तोच, साष्टी बेटावर लेण्यांचे काम चालू असता वेल्स तापाने मरण पावला. बारा दृश्यांचा छापील संच त्याने पाहिला नाही. त्याची वेरुळची रेखाटने टॉमस डॅनियलने १८०३ साली प्रसिद्ध केली, आणि पुणे दरबाराचे त्याने योजिलेले भव्य चित्रही डॅनियलनेच पुरे केले. वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी, मॅलेटचा १७९९ साली विवाह झाला.

पुढील शतकाची हकीकत परिचित आहे. १८५७ साली जे. जे. कलाशाळा निघाली, १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, आणि उघड्यावर बसून जलरंगात दृश्य उतरविणे ही मराठी चित्रकारांची आवडती उपासना होऊन बसली. आबालाल रहिमान मुंबईचे शिक्षण घेऊन कोल्हापुरास परतले आणि १९३१ मध्ये मरेपर्यंत कोटितीर्थाचे पाणी वेगवेगळ्या प्रहरी रंगवीत राहिले. वेल्सने बारा स्थळे पाहिली. आबालालांनी एका तळ्याकाठी आयुष्य घालविले. प्रवासी चित्रकाराला जे साधत नाही ते या बैठकीने साधले, असे म्हणण्यास हरकत नाही.

माहुलला असा कोणी बैठक मारणारा लाभला नाही. १९५४ व १९५५ साली तेथे दोन तेलशुद्धी कारखाने उभे राहिले, आणि तुर्भ्याच्या डोंगरापुढे टाक्या व धुराडी आली. ओहोटीच्या चिखलात मात्र अलीकडच्या काळात थंडीच्या दिवसांत हजारो रोहित पक्षी उतरू लागले आहेत. ते पाहण्यासाठी लोक शिवडीच्या धक्क्यावर, म्हणजे पुन्हा खाडीच्या अलीकडेच, उभे राहतात. वेल्सची व गंगारामची पुष्कळशी रेखाटने आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत.