मँगॅनीज गट

आवर्त सारणीतील सातवा गट. त्यात मँगॅनीज, टेक्नेशियम व ऱ्हेनियम ही ठळक मूलद्रव्ये मोडतात. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगॅनिजाच्या खाणी असल्याने, हा गट या मुलखाच्या अभ्यासकास विशेष जिव्हाळ्याचा वाटावा, हे साहजिकच होय.

मँगॅनिजाच्या बाह्य कवचांत सात संयुजा-इलेक्ट्रॉन असतात. सबब त्याची संयुगे +२ पासून +७ पर्यंतच्या ऑक्सिडीकरण-अवस्थांत आढळतात. गटात खाली उतरावे तसतशी +७ अवस्था अधिक स्थिर होत जाते, म्हणूनच जांभळे परमँगॅनेट प्रखर ऑक्सिडीकारक ठरते, तर परऱ्हेनेट तुलनेने सौम्य असते. टेक्नेशियमाला मात्र एकही स्थिर समस्थानिक नाही.

मँगॅनिजाच्या संयुगांशी निगडित विक्रियांतील ऊर्जाबदलाचा प्रत्यय परीक्षानळीतच यावा: हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या विद्रावात मँगॅनीज डायऑक्साइडाची काळी चिमूट टाकताच फेस उसळतो, ऑक्सिजन सुटतो आणि काच हाताला ऊन लागते, कारण दर मोलामागे सुमारे ९८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ही भुकटी उत्प्रेरक असल्याने विक्रियेचा वेग वाढवते, उष्णतेचे परिमाण बदलत नाही. हा भेद विद्यार्थ्याने पक्का ध्यानी धरावा. डोंगरी बुजुर्गचे डायऑक्साइडयुक्त धातुक शुष्क विद्युत्‌घटासाठी प्रसिद्ध असून, त्या घटात जस्ताशी होणाऱ्या विक्रियेची ऊर्जा सुमारे १·५ व्होल्ट दाबाने विजेच्या रूपाने प्रकटते.