नाव पुकारा आणि पुढे चला

13 नोव्हेंबर 1969. वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टन दफनभूमीपाशी तुम्ही व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनाच्या रांगेत उभे आहात. पोटोमॅक नदीवरचं बोचरं वारं कोटातून आत शिरतंय. कुणीतरी तुमच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवतं, हातात मेणबत्ती देतं. पाटीवर व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या एका अमेरिकन सैनिकाचं नाव. तुमच्या पुढच्या मुलीच्या पाटीवर मात्र बेचिराख झालेल्या एका व्हिएतनामी खेड्याचं नाव आहे. आपल्या मृतांच्या रांगेत 'शत्रू'च्या गावांनाही जागा द्यावी हे ज्यांना सुचलं, त्यांचं मोठेपण मला या सगळ्या लढ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. आजच काही वर्तमानपत्रांत बातमी आली आहे: किमान 109 व्हिएतनामी नागरिकांच्या हत्येचा आरोप एका अमेरिकन लेफ्टनंटवर.

ढोलाच्या संथ ठोक्यावर एकेरी रांग पुलावरून सरकते. सर्वांत पुढे एक तरुण विधवा गेली, नवऱ्याच्या नावाची पाटी घेऊन. घोषणा नाहीत.

वॉशिंग्टन आणि मॉस्को उघडपणे कधीच भिडले नाहीत. त्यांची लढाई व्हिएतनाममध्ये: उत्तरेतल्या हानोई सरकारकडे सोव्हिएत क्षेपणास्त्रं आणि चिनी बंदुका. दक्षिणेत यंदाच्या एप्रिलमध्ये 5,43,000 अमेरिकन सैनिक. महासत्तांची ईर्ष्या, आणि मरायला मेकाँगकाठचे शेतकरी नि ओहायोतली कोवळी पोरं!

व्हाइट हाउस आलं. दहा दिवसांपूर्वी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टीव्हीवरून 'मूक बहुसंख्याकां'कडे पाठिंबा मागितला होता. तुम्ही थांबता, पाटीवरचं नाव जिवाच्या आकांताने पुकारता. ज्याला कधी पाहिलंही नाही, त्याच्यासाठी घसा दाटून येतो. मागच्याला वाट द्यायची म्हणून पुढे चालावंच लागतं. कॅपिटॉलपाशी मांडलेल्या शवपेटीत ती पाटी ठेवायची.

निक्सन यांनी हानोईला गुप्तपणे निर्वाणीचा इशारा दिला होता, 1 नोव्हेंबरपर्यंत नमा, नाहीतर भीषण हल्ला. 15 ऑक्टोबरला युद्धाविरुद्ध देशभर लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि त्या धमकीतला दम गेला, हे निक्सन यांनीच पुढे आत्मचरित्रात मान्य केलं. हल्ल्याचा बेत बारगळला. आज रात्री तुम्हाला यातलं काहीच कळायला मार्ग नाही. आपलं कुणी ऐकत नाही, असंच तुम्ही धरून चालला आहात. तरी शनिवारच्या मोर्चाला थांबायचं तुमचं ठरलंय.