उज्जवायूची सावध परीक्षा

ज्वाला जवळ येताच भडकणारा उज्जवायू, म्हणजेच हायड्रोजन, अर्धांगवायूच्या रोग्यास हुंगावयास द्यावा, ही कल्पना प्रथमदर्शनी कोणासही अविचाराची वाटेल. परंतु वायू तारक की मारक, हे पुष्कळ अंशी त्याच्या प्रमाणावर अवलंबून असते.

१९४५ साली आर्ने झेटरस्ट्रॉम हा स्वीडिश अभियंता ९६ टक्के उज्जवायू व ४ टक्के प्राणवायू यांचे मिश्रण श्वासात घेत बाल्टिक समुद्रात १६० मीटर खोल उतरला. तेथील प्रचंड दाबाखाली एवढा प्राणवायू त्यास पुरला. परंतु वर ओढणाऱ्यांच्या चुकीने तो थेट उथळ पाण्यात आला, तोच प्राणवायू अपुरा पडला आणि त्याचा अंत झाला. दोष उज्जवायूचा नव्हता, माणसांच्या हलगर्जीपणाचा होता.

२००७ साली जपानचे शिगेओ ओहता व त्यांचे सहकारी यांनी या वायूचा निराळाच गुण दाखविला. मेंदूची तुंबलेली रक्तवाहिनी पुन्हा मोकळी झाली, की हायड्रॉक्सिल नावाचे अतितीव्र कण उत्पन्न होऊन पेशींचा नाश करतात. उज्जवायू या कणांना निष्प्रभ करतो. तो हुंगविलेल्या उंदरांच्या मेंदूची हानी कमी झाली.

पण उंदीर म्हणजे वृद्ध, जर्जर रोगी नव्हे. म्हणून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी परीक्षेत प्रथम केवळ तीन रोगी घेतले. हवेत ४ टक्क्यांपासून उज्जवायू पेट घेऊ शकतो. एकास तेवढा, तर दोघांस ३ टक्के वायू दिला. सुमारे वीस मिनिटांत रक्तातील त्याचे प्रमाण स्थिरावले. वायू बंद करताच धमनीतील प्रमाण सहा मिनिटांत एक-दशांशावर आले. शरीराच्या इतर व्यापारांत लक्षणीय फरक पडला नाही. पुढे दहा रोग्यांत मात्र हे प्रमाण फार कमीजास्त आढळले. अधिक लक्ष पुरविल्यावर व रोग्यांस धीर दिल्यावर ही तफावत कमी झाली. यंत्राइतकीच शुश्रूषाही महत्त्वाची ठरली, ती अशी.

२०१७ साली पन्नास रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली. निम्म्यांस उज्जवायू दिला होता. तो निर्धोक ठरला, सुधारणेची चिन्हेही दिसली. तथापि पन्नास ही संख्या अंतिम निर्णयास अपुरी आहे. औषध अपाय करीत नाही, हे कळणे ही केवळ पहिली पायरी; ते गुण देते, हे सिद्ध होणे ही दुसरी. पहिलीवर उभे राहून दुसरी गाठल्याची द्वाही फिरविणे, ही रोग्याची वंचनाच होय.